मुरगूडच्या ओळंब्याची खंडेनवमी

नोकरीत असताना कुणी नवीन माणूस भेटला की विचारायचा, "आपण कुठं असता?" मी म्हणायचो, "वस्तुसंग्रहालयात." "तिथं काय करता?" "स्क्रू शोधतो." त्यावर समोरचा हसायचा आणि पुढं काही विचारायचा नाही. मला तेच हवं असायचं, कारण खरं काम समजावून सांगायला अर्धा तास लागतो आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी तेवढा वेळ थांबत नाहीत. आता निवृत्त झालोय, संपादकांनी पानं मोकळी ठेवलीत, तर सांगून टाकतो.

मी मूळचा लेथवरचा माणूस. उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होतो. साठच्या दशकात आमच्या कोल्हापुरातल्या एका संग्रहालयात शस्त्रांचं दालन नव्यानं मांडायचं ठरलं, तिथं कारागिराची एक जागा निघाली आणि माझी वर्णी लागली. घरच्यांना वाटलं, आता हा खुर्चीत बसणार. पहिल्याच दिवशी मला एका कोंदट खोलीत नेऊन सोडलं. तलवारी, तोड्याच्या बंदुका, ढाली, आणि दोन्ही महायुद्धांतून आपल्याकडच्या शिपायांनी आणलेलं सामान तिथं भरलं होतं. लोखंडी टोप होते, पाण्याच्या बाटल्या होत्या, तोफेचे रिकामे गोळे होते. एकही वस्तू धड नव्हती. तलवार होती तर मूठ नव्हती, म्यान होतं तर त्याच्या टोकाची पितळी टोपी कुणीतरी कधीच काढून नेलेली. हे सगळं पुरं करायचं, हे माझं काम.

आता पुरं करायचं म्हणजे काय, ते सांगतो. पहिली गोष्ट, आमच्याकडं येणारा प्रत्येक गोळा आधी लष्करातला जाणकार बघायचा, आत काही नाही असं लिहून द्यायचा, मगच तो दारातून आत यायचा. आमच्या दालनातली कुठलीही वस्तू कुणाला इजा करू शकत नव्हती. पायावर पडली तर गोष्ट वेगळी. दुसरी गोष्ट, जो भाग नाही तो आधी अस्सल शोधायचा. त्याच बनावटीचा, त्याच काळातला. बाजार धुंडाळायचा, भंगारवाल्यांशी दोस्ती ठेवायची, ओतकामाच्या भट्टीत जुनं पितळ पडायच्या आत त्यावर नजर टाकायची. नाहीच मिळाला तर मग नक्कल करायची, पण नकलेवर आतल्या बाजूला खूण ठोकायची. मी 'न' ठोकायचो. नकलेचा न. बघणाऱ्याला तो दिसत नसे, पण माझ्यामागून येणाऱ्या कारागिराला दिसावा म्हणून.

लोक म्हणायचे, काचेआडून कुणाला काय कळतंय, एवढा खटाटोप कशाला? या प्रश्नाचा मला मनस्वी राग यायचा. तुमच्या तोंडातला एक दात खोटा आहे हे लोकांना कळत नाही, म्हणून डॉक्टरनं तुम्हालाही सांगू नये का?

गिऱ्हाईकं मात्र मजेशीर भेटली. कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. चित्रीकरणं संपली की पत्र्याच्या तलवारी कुठून कुठून फिरत आमच्या दारात यायच्या, आणि घेऊन येणारा शपथेवर सांगायचा की ही पणजोबांनी लढाईत चालवली. एकानं आणलेल्या तलवारीला अजून चंदेरी रंगाचा वास येत होता. मी म्हणालो, "पणजोबा परवाच लढून आले वाटतं." तो रागावला नाही. म्हणाला, "बघायचं म्हटलं, तुमास्नी कळतंय का."

राजारामपुरीत एक डॉक्टर होते. त्यांनी दवाखान्यात काचेच्या कपाटात एक लष्करी टोप ठेवला होता आणि त्याचा हनुवटीखालचा पट्टा अस्सल हवा म्हणून त्यांनी मला दोन वर्षं भंडावून सोडलं. शेवटी गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त नाईकाकडं तो मिळाला. त्यानं त्या पट्ट्यानं म्हशीच्या गळ्यात घंटा बांधली होती. पट्टा बसला आणि डॉक्टरांचे पेशंट त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायला लागले. डॉक्टरांनी एकालाही दुरुस्त केलं नाही.

हातकणंगल्याजवळच्या एका गावात तर तोफगोळ्याचं पितळी नळकांडं शाळेची घंटा म्हणून टांगलेलं होतं. मला तसलंच एक हवं होतं. तिथल्या शिपायानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्या की. पर मग शाळा कशानं सोडायची? तुमी रोज यून सांगनार काय?" मी हात जोडले आणि परत आलो. ती घंटा तिथंच शोभत होती. सगळं गोळा करायचं नसतं, हे मला त्या शिपायानं शिकवलं.

पण मला सांगायचंय ते दत्तू चौगल्याबद्दल आणि त्याच्या आईबद्दल.

दालनाच्या मधोमध एक मोठा गोळा उभा करायचा होता. बंदुकीच्या गोळीसारखाच निमुळता, पण गुडघ्याएवढा उंच. त्याच्या माथ्यावर एक पितळी टोपी आट्यांनी बसते, तीच नेमकी नव्हती. टोपीशिवाय तो गोळा म्हणजे मुंडकं नसलेला माणूस. मी चार वर्षं शोधत होतो. एकदा मुरगूडला एका माजी सुभेदारांकडं गेलो होतो, ते घरी नव्हते. परत येताना वाटेत एका घराचं बांधकाम चाललेलं. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघत होता. दोरीच्या टोकाला लोंबणारं ते पितळ उन्हात चमकलं आणि मी जागीच उभा राहिलो. उलटी टांगलेली ती माझी टोपी होती. जवळ गेलो, तर तिच्या कड्यावर कोरलेले आकडेसुद्धा वाचता येत होते.

"काय पावणं, भित बघताय का मला?" गवंडी म्हणाला.

"ओळंबा बघतोय."

"बगा की. ह्या वळंब्यानं निम्मं मुरगूड सरळ उभं हाय."

हाच दत्तू. त्याचा थोरला भाऊ पांडुरंग पलटणीत हवालदार होता. दुसऱ्या महायुद्धात सुटीवर घरी येताना त्यानं ही पोकळ टोपी आणली. तिथल्याच कुणाकडून आत शिसं ओतून घेतलं, मधोमध दोरीला भोक पाडलं, आणि धाकट्या भावाला म्हणाला, तुझ्या धंद्याला ओळंबा. सुटी संपल्यावर तो परत गेला आणि मग ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून तार आली. मागं काही आलं नाही. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता. त्याच्या हातची म्हणावी अशी एवढीच एक वस्तू.

हे ऐकल्यावर मी टोपी मागायला नको होती. पण मी मागितली. माणूस आपल्या कामात आंधळा होतो, तसा मी झालो होतो. दत्तूनं सरळ सांगितलं, "न्हाय जमायचं." मी चार-पाच खेपा घातल्या. प्रत्येक वेळी त्यानं चहा पाजला आणि नाही म्हणाला.

मग एक दिवस तो आपणहून संग्रहालयाच्या दारात. टोपी पटक्यात गुंडाळून आणलेली. विहिरीचं बांधकाम करताना दोरी तुटून ओळंबा पाण्यात गेला होता. दत्तूनं चार बुड्या मारल्या तेव्हा हाताला लागला. "माज्याकडं ऱ्हायला तर एक दिस जानार त्यो," तो म्हणाला. "तुमी काचंत ठेवा. पर एक हाय. खंडेनवमीला त्यो घरला पायजे."

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते. गवंड्याच्या घरी थापी, गुण्या, हातोडा, ओळंबा धुऊन पुसून पाटावर मांडतात. पण दत्तूची आई बाकीच्या हत्यारांना नुसतं कुंकू लावायची आणि ओळंब्यासमोर बसून राहायची. टोपी कोल्हापूरला दिल्याचं दत्तूनं तिला सांगितलेलं नव्हतं. ओळंबा बांधकामावर आहे, एवढंच तिला ठाऊक. तेव्हा त्या दिवशी तो पाटावर नसला तर म्हातारीच्या लेखी मुलगा दुसऱ्यांदा गेला असता.

मी शब्द दिला. तोंडी. साहेबांना विचारलं नाही, कारण नोंदवहीत चढलेली वस्तू लेखी हुकुमाशिवाय बाहेर नेता येत नाही, आणि तो हुकूम मुंबईहून येईपर्यंत तीन खंडेनवम्या उलटल्या असत्या. दत्तूला मी लेथवर एक पोलादी ओळंबा करून दिला. टोपी गोळ्यावर फिरवली, आटे जुळले, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही इतका आनंद झाला. त्याचबरोबर एक नक्कलही केली. तिच्यात शिसं ओतलं, भोक पाडलं, आतून 'न' ठोकला. दरवर्षी आदल्या दिवशी खरी टोपी काढायची, नक्कल बसवायची, खंडेनवमीला पहिल्या एसटीनं मुरगूड, पूजा झाली की परत. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं.

आठव्या वर्षी देवधरसाहेब अभिरक्षक होऊन आले. संग्रहालयाचा प्रमुख तो अभिरक्षक. माणूस तरुण, शिस्तीचा, हसायचा तो वर्षातून दोनदा. आणि नेमकी नवरात्रात मुंबईहून पडताळणी समिती आली. दोन अधिकारी. त्यांनी एकेक वस्तू नोंदवहीशी ताडून बघायला घेतली आणि पहिल्याच दिवशी सगळ्या कपाटांना लाखेची सील ठोकली. खरी टोपी आत, मी बाहेर, आणि खंडेनवमी दोन दिवसांवर.

तेव्हाच जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. घरच्या पूजेचं निमित्त सांगून दुपारपर्यंत सवड मागितली, नक्कल पिशवीत टाकली आणि मुरगूडची एसटी धरली. वाटेत मनाची समजूत घालत होतो. म्हातारीला मोतीबिंदू आहे. पितळ तेच, वजन तेच. कुणाला कळणार?

दत्तूला दारातच कळलं. त्यानं दोरी ओवून ती हातावर लोंबती धरली आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यो लई शाना हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "आमचा केसभर डावीकडं जातोय. शिसं वाकडं बसलंय त्येचं. मी वीस वरीस त्यो केस मनात धरून भिती उभ्या केल्या."

मी सीलचं सगळं सांगितलं. त्यानं दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "आईला काय बोलू नका. ठेवा पाटावर."

म्हातारी भिंत चाचपत आली आणि पाटासमोर बसली. थापीला, गुण्याला कुंकू लावून झालं. मग तिनं ती नक्कल दोन्ही हातांत घेतली, पदरानं पुसली आणि दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "आलास व्हय रं पांडबा घरला?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या वस्तू ओळखत आलो होतो. पत्र्याच्या तलवारी घेऊन येणाऱ्यांची टर उडवली होती. आणि इथं एका आईच्या हातात माझी स्वतःची नक्कल अस्सल म्हणून ठेवून मी बसलो होतो. मला ते सोसेना.

"मावशी," मी म्हणालो, "ही त्याची नव्हे. ही मी केलेली आहे."

दत्तूनं कपाळाला हात लावला. म्हातारीनं नक्कल सावकाश खाली ठेवली.

"मग त्यो कुटं हाय?"

मी सगळं सांगितलं. विहिरीतल्या बुड्या, काचेचं कपाट, सात वर्षं. ती ऐकत होती. दत्तूकडं तोंड करून एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी न्हाय म्हनले असते व्हय रं?" मग तिनं मला विचारलं, "तितं लोक येत्यात?"

"रोज येतात. लांबून लांबून येतात."

"त्येचं नाव लिवलंय?"

पाटी मीच रंगवली होती. 'तोफेच्या गोळ्याची पितळी टोपी. प्राप्तिस्थान : मुरगूड.' कड्यावरचे आकडे मी भिंगातून तपासले होते, आटे मोजले होते, जात ठरवली होती. ती टोपी मुरगूडला कुणामुळं आली, हे लिहावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"न्हाय लिवलं," म्हातारीच म्हणाली. "मग त्येला कोन वळखनार? दत्त्या, ताट घे. मला कोल्लापूरला ने."

एसटीत ती खिडकीशी बसली, मांडीवर पूजेचं ताट. दत्तू माझ्यापासून लांब दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो. घरी काय सांगायचं याचाही विचार झाला. उद्यमनगरातला जुना मालक परत घेईल का, इथपर्यंत मी पोचलो होतो.

संग्रहालयात समितीचे दोघे आणि देवधरसाहेब शस्त्रांच्या दालनातच टेबल टाकून बसले होते. म्हातारी ताट घेऊन आत आली तसे तिघेही उठले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि नक्कल टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटी करून आतला 'न' बघितला.

"सात वर्षं?" ते म्हणाले.

"होय साहेब."

"आणि दरवर्षी एक दिवस आपण काचेत ही ठेवून लोकांना मूळची म्हणून दाखवत होतो?"

"होय साहेब."

समितीतले थोरले अधिकारी म्हणाले, "नोंदीतली वस्तू परस्पर बाहेर नेणं म्हणजे गंभीर बाब आहे, मिस्त्री." मग म्हातारीकडं वळून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय पाहिजे?"

"माजं प्वार दावा," ती म्हणाली.

मग त्या अधिकाऱ्यांनीच चाकू मागितला आणि सील कापलं. मी टोपी फिरवून काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं दोरीच्या भोकात करंगळी घातली, तळहातावर वजन घेतलं आणि तिचा चेहरा पालटला. साहेबांच्या टेबलावर कागदपत्रं बाजूला सारून पूजा झाली. हळद, कुंकू, फूल, गुळाचा खडा. दत्तूनं पुसायला धोतराचा सोगा पुढं केला. प्रसाद सगळ्यांना मिळाला, समितीलाही.

आम्हाला वाटलं, आता ती टोपी घरी मागणार. साहेबांच्या तोंडावर ती काळजी स्पष्ट दिसत होती. पण तिनं टोपी माझ्या हातात परत दिली. "ठेव तितंच. हितं मानसं येत्यात. आमच्याकडं मी अन् ह्यो. पर नाव लिवा."

देवधरसाहेब बसले, पेनाचं टोपण काढलं आणि पूर्ण नाव विचारलं. दत्तूनं सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत, नवी पाटी लिहिली. 'हवालदार पांडुरंग सखाराम चौगले, मुरगूड, यांनी आघाडीवरून आणलेली टोपी. त्यांच्या भावानं ओळंबा म्हणून वीस वर्षं वापरली. हवालदार चौगले परत आले नाहीत.' मग दुसऱ्या कागदावर त्याच पेनानं त्यांनी मला ताकीदपत्र लिहिलं. तेही ठळक अक्षरांतच. ते माझ्या सेवापुस्तकात कायमचं लागलं. नोकरी राहिली. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते त्यांना नोकरीत असताना सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं सांगतो.

त्या वर्षानंतर मी दालनातली प्रत्येक पाटी पुन्हा लिहायला घेतली. माजी सैनिकांची घरं पालथी घातली, नावं विचारली. डॉक्टरांच्या टोपाचा पट्टा ज्या नाईकानं दिला, त्याचं नाव त्यांच्या कपाटावर लावायला लावलं. कित्येक वस्तूंची नावं मिळाली नाहीत, देणारे तोवर गेलेले होते. त्याची रुखरुख अजून आहे. पण जी मिळाली ती एका अडाणी म्हातारीमुळं मिळाली. माझा धंदा मला खरा कुणी शिकवला असं कुणी विचारलं, तर मी तिचंच नाव सांगतो. ती होती गंगूबाई चौगले.

त्या दिवशी टोपी पुन्हा गोळ्यावर बसली, पाटी लागली, कपाट बंद झालं. म्हातारीला अक्षर वाचता येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. तिनं विचारलं, "नाव कुटं हाय?" मी तिचं बोट धरलं आणि काचेवर नेमक्या त्या जागी टेकवलं. तिनं दुसऱ्या हातानं ताटातलं कुंकू घेतलं आणि तिथं लावलं.

समितीतले धाकटे अधिकारी म्हणाले, "काच पुसून घ्या."

"राहू दे," देवधरसाहेब म्हणाले. "उद्या पुसतील."

दुसऱ्या दिवशी दसरा होता, सुटी होती. काचा पुसायचं काम माझ्याकडंच असायचं. निवृत्त होईपर्यंत ती काच मी रोज पुसली, त्या बोटाएवढी जागा सोडून.